उतरत्या उन्हाचा बाजार

नाशिकला गंगेच्या गावाकडच्या काठावर सकाळी बसलं तर नारोशंकराचं देऊळ नीट दिसतच नाही. सूर्य पंचवटीच्या मागून वर येतो, देवळाची पाठ उजळते आणि आपल्या वाट्याला सावली येते. शिखराच्या कडेने उजेडाची बारीक रेघ, बाकी सगळा काळा आकार. दगडावरचं काम बघायचं तर दुपार कलू द्यावी लागते. गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात नदीला सरळ एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा काठ मिळतो. चारनंतरचं ऊन गावातल्या घरांच्या माथ्यावरून थेट समोरच्या देवळांवर पडतं. १७४७ साली बांधलेल्या त्या देवळाचा काळा दगड मग काळा राहत नाही. आधी तपकिरी होतो, मग थोडाच वेळ मधाच्या रंगावर येतो, आणि कोपऱ्यांवरच्या छत्र्या, तटाची भिंत, नदीकडे तोंड करून टांगलेली ती मोठी घंटा, सगळं सुटं सुटं दिसायला लागतं.

हे मी आईकडून शिकले. आईला ते कोणी शिकवलं नव्हतं. ती बुधवारी भाजी आणायला गंगेवर जायची.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि त्या गंगेवर बुधवारी बाजार भरतो. आमचं बिऱ्हाड रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या वाड्यात होतं. सराफ बाजारातून खाली उतरलं की काठ. घरात आजी-आजोबा, बाबांची फिरतीची नोकरी, आम्ही दोघं भावंडं, आणि नळाला पाणी यायच्या वेळेवर बांधलेला दिवस. अशा घरातल्या बाईने ‘मी जरा चित्र काढायला जाते’ असं म्हणायची रीत नव्हती, आणि आईने ते कधी म्हटलंही नाही. ती म्हणायची, “बाजारात जाऊन येते.” जायची मात्र चारनंतर. आजीला त्याचं कारण पटलेलं होतं. संध्याकाळी माल परत न्यायला नको म्हणून शेतकरी भाजी स्वस्तात देऊन टाकतात. भाव उतरायची आणि ऊन उतरायची वेळ एकच होती. आईने दोन्ही साधलं, आणि त्यात लपवाछपवी काही नव्हती. भाजी खरोखरच स्वस्त मिळायची.

तिच्या पिशवीत सगळ्यात खाली एक जाड पुठ्ठा असायचा, त्याला दोन चिमटे. त्यावर पुण्याच्या हातकागद संस्थेतला कागद. ही संस्था १९४० पासून पुण्यात हाताने कागद बनवते आहे. बाबा कामाला तिकडे गेले की तिथून ताव आणायचे, आणि आई सुरीने त्याचे चार-चार तुकडे करायची. कॅमलच्या रंगांच्या मोजक्या ट्यूब, गाठोड्यासारख्या रुमालात. ब्रश एकच, आठ नंबरचा गोल, टोक अजून शाबूत असलेला. पाणी पहिल्यांदा ती नदीचंच घ्यायची, एका चेपलेल्या वाटीत. पुढे पुढे फिरकीच्या तांब्यातून घरचं न्यायला लागली, कारण नदीच्या पाण्याने कागदावर पिवळट कड उमटायची. एवढं एक वाक्य ती बोलली होती त्याबद्दल. नदीच्या प्रदूषणावर पुढे मी पुष्कळ वाचलं. पण पाणी खराब झालं आहे हे आमच्या घरात सगळ्यात आधी आईच्या ब्रशला कळलं.

बसायची ती ठरलेल्या पायरीवर. शेजारी धुणं धुणाऱ्या बायका, मागे मेथीच्या जुड्यांचे ढीग, कांद्याची पोती, भांड्यांना कल्हई करणारा. पोरं गोळा व्हायची. “बाई, हे काय काढलं?” “देऊळ.” “आणि घंटा?” “येतेय थांब.” पहिले काही बुधवार कौतुकाचे आणि कुजबुजीचे गेले असतील. नंतर ती पायरी तिचीच झाली. एक भाजीवाली तर तिच्यासाठी गवारीचा वाटा बाजूला काढून ठेवायची आणि ऊन सरकलं की ओरडून सांगायची, “ताई, निघालं बघा!” त्या माउलीने चित्रकलेतलं सगळ्यात कठीण ओळखलं होतं. ऊन निघून जातं.

म्हणून मला वाटतं, आपण निवांत वेळ शोधत बसतो तिथेच चुकतं. निवांत दिवस मिळाला तरी ऊन तेवढंच थांबणार. समोरच्या देवळावरची सावली जशी आखली तशी राहते ती फार तर वीस मिनिटं. मग तटाची सावली एक पायरी वर चढते, पाण्यातलं प्रतिबिंब मोडतं आणि सुरुवातीला काढलेलं चित्र खोटं व्हायला लागतं. आईला कोणी अख्खा दिवस दिला असता तरी तिने वीसच मिनिटं रंगवलं असतं. ती भराभर शिसपेन्सिलीने मोठे आकार टाकायची, सावल्या आधी भरून घ्यायची, आणि उजेड रिकामा सोडायची. जलरंगात उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो. पांढरा रंग ट्यूबमध्ये मिळतो खरा, पण त्याने येतो तो खडूचा पांढरा. उन्हाचा पांढरा कोऱ्या कागदाचाच. त्यामुळे कुठे काय करायचं नाही हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला बाईला घाईची सवय असावी लागते. आईला होती.

राहिलेलं ती रात्री घरी पुरं करायची. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा ती पास झाली होती आणि स्मरणचित्राच्या पेपरात तिचा हात चांगला होता. कुकर गॅसवर चढला की स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला पुठ्ठा टेकवायचा, एक पातळ हात द्यायचा, तो शिट्ट्या होईपर्यंत वाळायचा, मग दुसरा हात. पोळ्या झाल्यावर तिसरा. आजोबा जेवायला बसायचे तेव्हा पाटासमोर भिंतीला टेकवून ठेवलेलं चित्र ओलं असायचं. ते घास घेता घेता एकदा बघायचे आणि म्हणायचे, “पाण्याला उतार दिसत नाही अजून.” आजोबांना चित्रातलं काही कळत नव्हतं, नदीतलं सगळं कळत होतं. आई त्यांचं ऐकायची.

तिच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. वह्या म्हणजे चित्रांसाठी विकत आणलेल्या नव्हेत. घरखर्चाच्याच. एका पानावर तिच्या बारीक, सरळ अक्षरात मेथी, वांगी, आलं, लिंबं, त्यांच्यापुढे रुपये आणि पैसे, खाली दोनदा मारलेली बेरीज. आणि बेरजेच्या उजवीकडे उरलेल्या जागेत नारोशंकराचं शिखर, फक्त पेन्सिलीत, दोन इंचांचं. शिखराच्या बाजूला बाण काढून लिहिलं आहे: ‘इथे निळा, पण गरम.’ दुसऱ्या एका पानावर दूधवाल्याच्या हिशेबाखाली कावळा, तीनदा, तिसऱ्यांदा जमलेला. मला ही पानं तिच्या पुऱ्या झालेल्या चित्रांपेक्षा जास्त जवळची वाटतात. चित्र भिंतीवर लागतं तेव्हा ते घरापासून वेगळं होतं. या पानांत ते वांग्यांच्या शेजारीच राहतं, जसं तिच्या दिवसात राहत होतं.

त्याच त्या देवळाचं चित्र किती वेळा काढायचं, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “तेच कुठे असतं?” नाशिकमध्ये शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतला गोदाघाट ठाऊक नसलेला माणूस विरळा, आणि ती त्यांची चित्रं प्रदर्शनात फार वेळ उभी राहून बघायची. पण तिच्या मनात जास्त रुजलं होतं ते कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं नाव. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून हा माणूस कोल्हापुरात परतला आणि कोटितीर्थाच्या काठी राहून तेच तळं, तीच झाडं, तोच काठ वेगवेगळ्या उजेडात रंगवत राहिला. १९३१ साली ते गेले. एका लग्नाला आम्ही कोल्हापूरला गेलो तेव्हा अंबाबाईचं दर्शन झाल्यावर आईने एकच हट्ट केला, कोटितीर्थ बघायचा. तिथे गेल्यावर तिने चित्र काढलं नाही. नुसती बघत उभी राहिली. मला वाटतं, बुधवारच्या पायरीवर बसणं हे काही तरी खरं काम आहे अशी तिची तिथे खात्री झाली असावी.

पावसाळ्यात बाजार विस्कटायचा आणि चित्रंही. हातकागद वाळता वाळत नसे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावात एकच चौकशी: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? नाशिकचा पूर फुटांत मोजत नाहीत, मारुतीच्या अंगावर मोजतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. सारं गाव पूर बघायला पुलावर आणि उतारांवर जमतं, तशी आईही जायची, छत्री एका खांद्याने मानेशी दाबून. पुराचं पाणी ती निळं कधीच काढायची नाही. यलो ओकर, त्यात बर्न्ट सिएना, कागद आधीच भिजवून त्यावर रंग सोडून द्यायचा आणि पुठ्ठा तिरका धरायचा, म्हणजे रंग आपला आपण वाहतो. १९६९ चा महापूर तिने मुलगी असताना पाहिला होता. त्याचं चित्र तिने पुष्कळ वर्षांनी आठवणीतून काढलं. त्यात मारुती नाहीच. आम्ही विचारलं तर म्हणाली, “आहे की, खाली.”

घाट तिच्या डोळ्यांसमोर बदलत गेला. एकेका सिंहस्थाबरोबर पायऱ्यांना, कुंडांना सिमेंट लागलं. दगडी पायरीची सावली आणि सिमेंटच्या पायरीची सावली यांत फरक काय, असं ज्याला वाटेल त्याने एकदा दोन्ही रंगवून बघाव्यात. दगडाची कड कुठे झिजलेली, कुठे फुटलेली, म्हणून सावलीची रेघ वर-खाली होते आणि तिथे ब्रशला खेळायला जागा मिळते. सिमेंटची कड पट्टीने आखल्यागत जाते. पण आईला खरा घोर लागला तो पाणवेलींचा. पाण्यावर ती हिरवी चादर पसरली की प्रतिबिंब जातं. देवळाचं अर्धं चित्र पाण्यात असतं. ते गेलं म्हणजे उरलेलं अर्धं तोललं जात नाही. तिने ती पाणवेलही काढली, सॅप ग्रीनच्या जाड थरात, आणि त्या चित्रामागे तारीख न घालता ‘पाणी नाही’ एवढं लिहून ठेवलं. मला घाट बदलल्याचा राग येतो. तिला यायचा की नाही कोण जाणे. ती बघायची आणि समोर जे असेल ते काढायची.

वाडा पडला, आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये गेलो, आणि तिचे गुडघे गेले. घाटाच्या पायऱ्या संपल्या. बाजार दारावर येणाऱ्या हातगाडीवर आला. तिने गॅलरीत खुर्ची टाकली, कारण तिथून पांडवलेण्यांचा डोंगर पुरा दिसायचा, आणि तो तिने काढायला घेतला. पावसातला हिरवा, मार्गशीर्षातला पिवळा, वैशाखातला जळका. मग समोरच्या प्लॉटवर खड्डा झाला.

त्या इमारतीची सगळी गोष्ट शेवटच्या दोन वह्यांत आहे. आधी जमिनीतून वर आलेल्या सळ्या, त्यांच्यामागे डोंगर. मग पहिला स्लॅब. डोंगराचा पायथा गेला. बांबूंची परांची, तिच्यावर डोक्याला फडकं बांधलेले गवंडी, अगदी थोड्या रेघांत पण एकेकाची पाठ ओळखू यावी असे. तिसऱ्या स्लॅबला लेण्यांची काळी ओळ गेली. चौथ्याला डोंगराची फक्त माथ्याची रेघ उरली, परांचीच्या बांबूंतून तुकड्या-तुकड्यांनी दिसणारी, आणि आईने ती तशीच तुकड्यांत काढली आहे, मधले बांबू कोरे सोडून. पुढच्या पानावर डोंगर नाही. इमारत आहे, तिच्या गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीवर बसलेली दोन कबुतरं, आणि कबुतरांच्या मानेचा हिरवा-जांभळा फार प्रेमाने लावलेला. हे पान बघताना मला दर वेळी रडू येतं. डोंगर गेल्याचं नव्हे. कबुतरांचं.

माघात ती गेली. आजार थोडाच चालला, आणि त्यात तिचा हात शेवटपर्यंत स्थिर होता, एवढंच त्याबद्दल लिहिते.

नाशिकचा माणूस शेवटी रामकुंडावरच येतो. आमच्यात बायका दहाव्याला घाटावर जात नसत, पण मी गेले, कोणी अडवलं नाही. सकाळची वेळ, थंडी, भावाचं मुंडण झालेलं, गुरुजी सांगतील तसं तो करत होता. मी जरा मागे उभी होते. आईच्या चित्रांत रामकुंडावर नेहमी माणसं असायची, डावीकडे, लांब. एक टिंब डोक्याचं, एक ओघळ पाठीचा, पाय पाण्यात विरघळू दिलेले. ही माणसं कोण, असं मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. चित्रात माणसं लागतात म्हणून ती असतील. त्या सकाळी मला कळलं की तिने वर्षानुवर्षं दहाव्याला आलेली माणसं काढली होती. कोणाची तरी आई, कोणाचा तरी बाप गेलेली. आणि आता त्याच जागी, तेवढ्याच आकाराचे, आम्ही होतो.

मी पलीकडे बघितलं. सकाळचं ऊन आमच्या पाठीमागून येऊन समोरच्या, गावाकडच्या काठावर सरळ पडलं होतं. ती पायरी लख्ख दिसत होती. आईच्या एकाही चित्रात तो काठ नाही, कारण ती त्याच्यावर बसलेली असायची. आणि सकाळी तिला घरातून निघता यायचं नाही. तो काठ सकाळी इतका सुंदर दिसतो हे तिला ठाऊक होतं का, याचा विचार करत मी उभी राहिले. गुरुजींनी दोनदा हाक मारली.

मी रोज नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नोकरीला जाते. पासधारकांच्या त्या डब्यात कोणी झोपतं, कोणी पत्ते खेळतं, कोणी मटार सोलतं. आई गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी पर्समध्ये एक वही ठेवायला लागले, आणि दांड्यात पाणी भरायचा एक ब्रश. इगतपुरीला गाडी थांबते, मग थळ घाट सुरू होतो. चढ-उतार सदतिसास एक, त्यामुळे गाडी जपून उतरते, आणि बोगदे सोडले तर दरी बराच वेळ खिडकीत राहते. आता शेजारच्या बायका इगतपुरी आली की न सांगता उठून मला खिडकी देतात. माझा हात आईसारखा नाही, गाडी हलते, रेघ उडते. तरी ऑफिसात पोचते तेव्हा तो दिवस माझा थोडा तरी झालेला असतो.

घाटातला ओला कातळ मला जमत नव्हता. नारोशंकराचा आणि थळ घाटाचा दगड एकाच जातीचा, सह्याद्रीचा काळा बसाल्ट; भिजला की त्यात एक जांभळी झाक येते. आईने वहीत लिहून ठेवलं आहे: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. मी तेच घ्यायची आणि राखाडी यायचं. आमच्या हॉलमध्ये तिचं पावसाळी गोदाघाटाचं एक चित्र कित्येक वर्षं फ्रेममध्ये लागलेलं होतं. त्याच्याशी ताडून बघितलं तर तिथेही राखाडीच. मला वाटलं, आहे हे असंच. मग एकदा बंद वहीतलं त्याच दिवसांतलं एक छोटं चित्र त्या फ्रेमशेजारी धरलं. वहीतले दगड ओले होते. जांभळे, गरम, आत्ता पाऊस थांबल्यासारखे. फ्रेममधले सुकलेले.

तिची चिनी मातीची प्लेट मी धुतलेली नव्हती. जलरंग किती वर्षांनीही पाणी लागलं की उठतो. प्लेटच्या कोपऱ्यात निळ्या-तपकिरीच्या मध्ये एक लालसर सुकलेला ठिपका होता, नखाएवढा. तो ओला करायला मी फार दिवस लावले, कारण वापरला तर संपणार होता. शेवटी केला. क्रिमसन लेक. तिने लिहून ठेवला नव्हता, कारण बहुधा हात आपोआप जात असेल. हा रंग उजेडाला टिकत नाही. भिंतीवर, उन्हाच्या तिरिपेत, वर्षांमागून वर्षं तो उडत जातो आणि मागे निळा आणि तपकिरी तेवढे राहतात. फ्रेममधलं चित्र मी उतरवून कपाटात ठेवलं आहे. नेहमीच्या दुकानातून क्रिमसन लेकची ट्यूब आणली आहे, आणि गेले काही दिवस उंटदरीच्या अलीकडचा कडा त्याने भिजवते आहे.